पर्वतीवरून आलेला निरोप

५ नोव्हेंबर १८१७ चा तिसरा प्रहर. गणेशखिंडीच्या टेकड्यांपासून मुळा नदीच्या दिशेने पेशव्यांची फौज पसरली होती आणि समोर खडकीच्या माळावरून इंग्रजांची त्यामानाने लहानशी फौज पुढे सरकत होती. सेनापती बापू गोखले यांचा तोफखाना सज्ज होता. इतक्यात पेशव्यांकडून निघालेला एक जासूद आपल्याकडे येत असल्याचे गोखल्यांना दिसले. तो काय निरोप घेऊन येत असेल याचा तर्क त्यांनी केला आणि तो जवळ पोहोचण्यापूर्वीच तोफा डागण्याचा हुकूम दिला. तर्क बरोबर होता. पहिली तोफ आपल्याकडून सुटू देऊ नये, असा पर्वतीवर असलेल्या दुसऱ्या बाजीरावांचा निरोप होता.

हा प्रसंग ग्रँट डफ याने आपल्या मराठ्यांच्या इतिहासात नोंदवला आहे. इंग्रज रेसिडेंट माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याच्या हाताखाली त्याने काम केले होते आणि त्याचा ग्रंथ १८२६ मध्ये, म्हणजे लढाईनंतर अवघ्या नऊ वर्षांनी प्रसिद्ध झाला. प्रसंग लहान आहे. परंतु तो वाचणाऱ्याच्या मनात एक प्रश्न राहून जातो. ज्या राज्यकर्त्याने अनेक महिने सैन्य गोळा केले, सेनापतीला पैसा व अधिकार दिला आणि त्या दिवशी हजारो स्वार व शिपाई शहराबाहेर काढले, त्याने अगदी अखेरच्या घटकेला पहिली तोफ डागू नका असे का कळवावे? जुगार खेळायचा तर आहे, पण फासा आपल्या हातून पडायला नको, अशी ही मनाची अवस्था कशी निर्माण होते?

‘बाजीराव भित्रा होता’ हे याचे नेहमीचे उत्तर. हे उत्तर सोपे आहे आणि म्हणूनच अपुरे आहे. भित्र्या माणसाने इंग्रजांशी युद्ध मांडलेच नसते. एकाच माणसाने वर्षभरात सर्वस्व पणाला लावावे आणि त्याच वेळी प्रत्येक पावलावर माघार शोधावी, यामागे मनाचे काही वेगळे नियम काम करीत असले पाहिजेत. ते नियम समजून घेण्यासारखे आहेत. कारण पेशव्यांच्या गादीवर बसलेल्याला लागू पडणारे हे नियम दुकानाच्या गादीवर बसलेल्यालाही तितकेच लागू पडतात.

प्रथम पार्श्वभूमी पाहू. जुलै १८१५ मध्ये बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री यांचा पंढरपुरात खून झाला. पेशव्यांचे विश्वासू त्रिंबकजी डेंगळे यांच्यावर ठपका आला. इंग्रजांनी त्यांना ठाण्याच्या किल्ल्यात ठेवले. तेथून ते १८१६ मध्ये निसटले. या प्रकरणाचा शेवट १३ जून १८१७ च्या पुणे तहात झाला. त्या तहाने पेशव्यांना अहमदनगरचा किल्ला, उत्तर कोकण आणि इतर मोठा मुलूख सोडावा लागला. त्याहून जिव्हारी लागणारी गोष्ट म्हणजे मराठी सत्तांचे प्रमुखपद आपले नाही, हे त्यांना लिहून द्यावे लागले. मुलूख गेला, उत्पन्न गेले आणि पणजोबा बाळाजी विश्वनाथांपासून चालत आलेला मान गेला.

तरीही पुणे, शनिवारवाडा, पेशवेपद आणि बराचसा मुलूख अद्याप हातात होता. कागदावर पाहिले तर शिल्लक थोडीथोडकी नव्हती. परंतु माणूस शिल्लक मोजत नाही. तो काल काय होते ते मोजतो आणि आजची शिल्लक त्यातून वजा करतो. पेशव्यांच्या मनातील हिशेबाची सुरुवात तहाच्या आधीच्या रकमेपासून होत होती. त्या हिशेबात ते केवळ तोट्यात होते.

तोट्यात असलेल्या मनाचे काय होते, हे डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या दोन इस्रायली मानसशास्त्रज्ञांनी १९७९ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात दाखवून दिले. त्यांची पद्धत अगदी साधी होती. त्यांनी लोकांना दोन पर्याय दिले: ३,००० पौंड खात्रीने मिळतील, किंवा ४,००० पौंड मिळण्याची शक्यता शंभरात ८० आहे आणि काहीच न मिळण्याची शक्यता २०. त्या काळी इस्रायलमधील सामान्य कुटुंबाचे महिन्याचे उत्पन्न साधारण ३,००० इस्रायली पौंड होते, म्हणजे रक्कम क्षुल्लक नव्हती. शंभरातल्या ८० जणांनी खात्रीचे ३,००० पसंत केले. नंतर तेच आकडे उलटे करून विचारले: ३,००० खात्रीने गमवाल, किंवा ४,००० गमावण्याची शक्यता ८० आणि काहीच न गमावण्याची शक्यता २०. आता शंभरातल्या ९२ जणांनी जुगार पत्करला.

आकडे तेच होते, शक्यता त्याच होत्या. बदलली होती ती फक्त बाजू. नफ्याच्या बाजूला उभा असलेला माणूस सावध असतो. हातात आलेले तो सोडत नाही. तोटा समोर दिसताच मात्र तो धाडसी होतो. कारण खात्रीचा तोटा मान्य करण्यापेक्षा अधिक मोठ्या तोट्याचा धोका त्याला सुसह्य वाटतो. त्या धोक्यात ‘काहीच गमवावे लागणार नाही’ अशी एक बारीक फट असते आणि मन त्या फटीकडेच पाहत राहते. या संशोधकांनी आणखी एक गोष्ट दाखवली. शंभर रुपये मिळाल्याचा जेवढा आनंद होतो, त्याच्या सुमारे दुप्पट दुःख शंभर रुपये गेल्याचे होते. ज्याने आपल्या तोट्याशी मनाने समझोता केलेला नाही, तो एरवी कधीही न स्वीकारलेले डाव स्वीकारतो, हा त्यांच्या निबंधातील निष्कर्ष १८१७ च्या पुण्याला अचूक लागू पडतो. ट्वर्स्की १९९६ मध्ये निवर्तले. कानेमन यांना या कार्यासाठी २००२ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

हा नियम जुना झालेला नाही. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये शेअर बाजारातील फ्युचर्स आणि ऑप्शन्सच्या व्यवहारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत अशा व्यवहारांत उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी शंभरात ९३ जणांना तोटा झाला होता आणि तोट्याची एकूण रक्कम १ लाख ८० हजार कोटी रुपयांहून अधिक होती. परंतु त्या अहवालातील सर्वांत बोलका आकडा वेगळाच आहे. लागोपाठच्या वर्षांत तोटा सोसूनही तोट्यातील शंभरापैकी ७५ हून अधिक जण हे व्यवहार करीतच राहिले. त्यांना लोभी म्हणणे सोपे आहे. त्यांतील अनेकांना मात्र नवे काही मिळवायचे नव्हते; गेलेले फक्त परत आणायचे होते. ‘एवढे निघाले की मी थांबलो’ हे वाक्य ज्या घराने ऐकले आहे, त्या घराला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

आता त्या जासुदाकडे वळू. तोट्याच्या भीतीने माणूस जुगाराकडे ढकलला जातो हे खरे असले, तरी त्याने पेशव्यांची चालढकल उलगडत नाही. २८ ऑक्टोबरच्या रात्री इंग्रजांची फौज शहराला लागून असलेल्या गारपीरच्या छावणीत, पेशव्यांच्या सैन्याच्या गराड्यात होती. मुंबईहून निघालेली गोऱ्या शिपायांची पलटण अजून वाटेत होती. हल्ला करायचा असेल तर तीच वेळ होती आणि गोखल्यांचा आग्रहही तोच होता. पेशव्यांच्या छावणीत तयारीही झाली होती. परंतु ती रात्र विचारविनिमयात गेली. ३० ऑक्टोबरला पलटण येऊन पोहोचली आणि १ नोव्हेंबरला इंग्रजांनी गारपीर सोडून खडकीची अधिक सोयीची जागा धरली. चार दिवसांत डावाचे पारडे बदलले आणि ते बदलण्यासाठी पेशव्यांनी काही केले नव्हते. काही न करणे एवढेच केले होते.

काही न करणे हाही एक निर्णय असतो. तसे कोणाला वाटत नाही, ही अडचण आहे. कानेमन आणि ट्वर्स्की यांनी १९८२ मध्ये लोकांपुढे दोन गुंतवणूकदारांची गोष्ट ठेवली. एकाने आपले शेअर विकून दुसऱ्या कंपनीचे घेतले आणि त्यामुळे त्याचे नुकसान झाले. दुसऱ्याच्या मनात बदल करण्याचा विचार आला होता, पण त्याने केला नाही आणि त्याचेही तेवढेच नुकसान झाले. अधिक पश्चात्ताप कोणाला होईल, असे विचारता बहुतेक सर्वांनी पहिल्याकडे बोट दाखवले. तोटा सारखाच होता. परंतु स्वतःच्या हाताने झालेला तोटा मनाला अधिक बोचतो. म्हणून मन हात आखडून घेते, निर्णय पुढे ढकलते, दुसऱ्याने सुरुवात करावी म्हणून वाट पाहते. पहिली तोफ आपल्याकडून सुटू नये, या निरोपाचे मूळ येथे शोधता येते. युद्ध हवे होते, पण त्याची जबाबदारी नको होती. तोफ समोरून सुटली असती तर उद्या म्हणायला जागा राहिली असती.

गोखल्यांनी ही जागा शिल्लक ठेवली नाही. हुकूम दिल्यावर माघारीचा प्रश्न उरला नाही. परंतु अर्धवट मनाने दिलेली सत्ता हाती घेऊन लढणाऱ्या सेनापतीची स्थिती किती बिकट असते, हेही त्या दिवशी दिसले. शहरातून बाहेर पडताना जरीपटक्याची काठी मोडली होती आणि सैन्याच्या मनात शंका शिरली होती. ज्या फौजेला आपला धनी ठाम आहे याची खात्री असते, ती मोडलेल्या काठीकडे फारसे पाहत नाही.

समोरच्या बाजूला निर्णय कसे घेतले जात होते? ५ नोव्हेंबरच्या दुपारी पेशव्यांचा दूत संगमावरच्या रेसिडेन्सीत आला. गोरी पलटण परत पाठवावी, छावणीतील सैन्य कमी करावे आणि आम्ही दाखवू त्या ठिकाणी ती हलवावी, अशा मागण्या त्याने मांडल्या. एल्फिन्स्टनने त्या नाकारल्या आणि पेशव्यांची फौज निघाल्याचे दिसताच रेसिडेन्सी सोडून तो नदीपलीकडून खडकीकडे गेला. मागे राहिलेली रेसिडेन्सी लुटली व जाळली गेली. त्याचा ग्रंथसंग्रह आणि कागदपत्रे त्यात नष्ट झाली. वाचनाचे व्यसन असलेल्या त्या माणसाला हा तोटा लहान नव्हता. परंतु तो खात्रीचा तोटा त्याने ताबडतोब पत्करला. पुस्तके वाचविण्यासाठी तो रेसिडेन्सीत थांबला असता, तर तो स्वतः आणि त्याच्यासोबतचे लोकही गेले असते.

त्यानंतर कर्नल बर याच्या हाताखालील फौजेने छावणीत वाट पाहत न बसता पुढे चाल केली. ती सुमारे २,८०० होती आणि समोर सुमारे १८,००० घोडदळ व ८,००० पायदळ होते. दापोडीहून कॅप्टन फोर्डची पलटण तिला येऊन मिळाली. गोखल्यांच्या घोडदळाने केलेला हल्ला वाटेतील दलदलीत विस्कळीत झाला. दिवस मावळेपर्यंत लढाई संपली. इंग्रजांचे मेलेले आणि जखमी मिळून ८६ जण होते, तर मराठ्यांची हानी सुमारे ५०० मानली जाते. सैन्याची संख्या पाहता ही हानी निर्णायक म्हणण्यासारखी नव्हती. मन मात्र तेथेच खचले. १६ नोव्हेंबरच्या येरवड्याच्या चकमकीनंतर पेशव्यांनी पुणे सोडले आणि १७ तारखेला शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले.

येथवर वाचून एल्फिन्स्टन शहाणा आणि बाजीराव मूर्ख, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होईल. तो आवरावा. एल्फिन्स्टनच्या पाठीशी मुंबई, मद्रास आणि कलकत्ता होते. ज्याच्यापाशी पुष्कळ शिल्लक आहे त्याला एक घर आणि काही पुस्तके सोडून देणे जमते. ज्याचे बरेच गेले आहे त्याला उरलेल्यातला एक पैसा सोडणेही जड जाते. श्रीमंत व्यापाऱ्याने तोट्यातील दुकान एका दिवसात बंद केले म्हणून त्याचे कौतुक करताना आणि एकाच दुकानावर पोट असलेल्याला हटवादी ठरवताना हा फरक ध्यानात ठेवला पाहिजे.

मोह आवरण्याचे दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. आपल्याला निकाल ठाऊक आहे. पेशव्यांना तो ठाऊक नव्हता. १९७५ मध्ये बारूक फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञाने केलेल्या एका प्रयोगात लोकांना १८१४ च्या इंग्रज-गुरखा संघर्षाची माहिती वाचायला दिली. काहींना इंग्रज जिंकले असे सांगितले, काहींना गुरखे जिंकले असे, तर काहींना निकालच लागला नाही असे. नंतर विचारले की केवळ मूळ माहितीवरून कोणता निकाल संभवनीय दिसत होता? ज्याला जो निकाल सांगितला होता, त्याला तोच निकाल आधीपासून अधिक संभवनीय होता असे वाटले. ‘हे तर होणारच होते’ असे आपण मागाहून म्हणतो तेव्हा हाच खेळ चाललेला असतो.

१८१७ च्या नोव्हेंबरात पुण्यातून पाहिले तर चित्र वेगळे होते. समोरची फौज आपल्या दहाव्या हिश्शाएवढी होती. नागपूरचे भोसले आणि होळकरांचे सैन्य इंग्रजांविरुद्ध उभे राहील ही आशा निराधार नव्हती. त्याच महिन्यात सीताबर्डीला आणि डिसेंबरात महिदपूरला ते खरोखर लढले. आणि शिंदे? ज्या दिवशी खडकीला तोफा सुटल्या, त्याच ५ नोव्हेंबरला दौलतराव शिंद्यांनी ग्वाल्हेरच्या तहावर सही केली आणि ते या झगड्यातून बाजूला झाले. पुण्यात हे त्या दिवशी कोणाला कळणे शक्यच नव्हते. निर्णयाचे मूल्य ठरवताना त्या वेळी काय माहीत होते आणि काय विचारून पाहता आले असते, एवढेच मोजावे. त्या मापाने पेशव्यांची चूक लढण्यात होती की नव्हती, याबद्दल दोन मते होऊ शकतील. लढायचे ठरवूनही न ठरविल्यासारखे वागण्यात ती होती, याबद्दल मात्र दोन मते होणे कठीण.

त्या पुण्यात दोन माणसांनी वेगळ्या प्रकारे विचार केला होता. पेशव्यांचे सरदार मोरोपंत दीक्षित आणि कॅप्टन फोर्ड यांचा स्नेह होता. युद्ध अटळ दिसू लागल्यावर दोघांनाही कळून चुकले की आपण आपापल्या धन्याच्या बाजूनेच उभे राहणार. तेव्हा त्यांनी एकमेकांना वचन दिले की ज्याची बाजू जिंकेल त्याने दुसऱ्याच्या कुटुंबाचे रक्षण करावे. योगायोग असा की लढाईत दीक्षितांचा सामना फोर्डच्या पलटणीशीच झाला आणि ते तेथे पडले. त्यांचे मरण त्या वचनाने टळले नाही. परंतु हरलो तर काय, हा प्रश्न हरण्याआधी, शांत चित्ताने आणि विरुद्ध बाजूच्या माणसाबरोबर बसून विचारण्याचे धैर्य त्यांनी दाखवले होते. असे धैर्य दुर्मीळ असते.

हा दोनशे वर्षांपूर्वीचा इतिहास आजच्या घरात कसा उतरतो? एखाद्या व्यापारी घराची कल्पना करावी. वडिलांनी चाळीस वर्षे एक दुकान नेकीने चालवले. मुलाने तीन वर्षांपूर्वी दुसरे काढले. त्यात भांडवल अडकले, माल पडून राहिला, भाडे चढत गेले. एके रात्री जेवणानंतर मुलगा म्हणतो, “पप्पा, अजून वीस लाख घातले तर गाडी रुळावर येईल. राहत्या घरावर कर्ज मिळतंय.” वडिलांच्या मनात हजार शंका आहेत. पण नाही म्हटले आणि उद्या दुकान बुडाले, तर ‘तुम्ही साथ दिली नाही’ हा बोल कायमचा लागेल. हो म्हटले आणि घर गेले, तर त्याचे धनी आपण. म्हणून ते म्हणतात, “तुझं तू बघ. मी काही सांगत नाही.” आई सासरे आणि मुलगा यांच्याकडे पाहणाऱ्या सुनेची नजर टाळून ताटे उचलू लागते.

पर्वतीवरचा निरोप तो हाच. मुलगा तोट्याच्या बाजूला उभा आहे, म्हणून त्याला वीस लाखांचा धोका दिसत नाही. त्याला फक्त तीन वर्षांचे नुकसान भरून निघण्याची फट दिसते. वडील जबाबदारीच्या भीतीने गप्प आहेत. दोघांच्या मधोमध घर गहाण पडते आणि कोणीही ते गहाण टाकण्याचा निर्णय घेतलेला नसतो. पुढे दोष देताना मात्र निर्णय कोणाचा, याचा शोध घेतला जातो आणि नाती त्यात होरपळतात. पैशाचा तोटा काही वर्षांत भरून येतो. ‘तेव्हा तुम्ही बोलला नाहीत’ हे वाक्य पिढीभर राहते.

यावर उपाय मोठे नाहीत, परंतु ते वेळेआधी करावे लागतात. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून उभा आहे. स्फोटक पदार्थांच्या कामात काडेपेटी आत न्यायची की नाही, हे रोज सकाळी ज्याच्या त्याच्या मनःस्थितीवर सोडत नाहीत; तो नियम आधीच ठरलेला असतो आणि दारावरच पाळला जातो. धोक्याच्या प्रत्येक कामाला हे तत्त्व लागू आहे. नवे दुकान, नवी गुंतवणूक किंवा भागीदारी सुरू करतानाच, मन शांत असताना, किती तोटा झाला की थांबायचे, ही रक्कम आणि मुदत कागदावर लिहावी आणि घरातील मोठ्यांनी त्यावर सह्या कराव्यात. तोटा समोर उभा राहिल्यावर ठरवलेली मर्यादा ही मर्यादा नसते; ती त्या दिवसाची मनःस्थिती असते.

दुसरा उपाय हिशेबाची सुरुवात बदलण्याचा. गेलेली रक्कम बाजूला ठेवून स्वतःला विचारावे: हे दुकान आपले नसते आणि आज कोणी वीस लाखांना देऊ केले असते, तर घेतले असते का? उत्तर ‘नाही’ असेल तर वीस लाख घालण्याचे कारण केवळ जुने दुःख आहे. तिसरा उपाय गॅरी क्लाइन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने २००७ मध्ये लोकांपुढे मांडला. कामाला आरंभ करण्यापूर्वी सर्वांनी एकत्र बसावे आणि असे गृहीत धरावे की वर्ष उलटले आहे आणि काम पूर्ण फसले आहे. मग प्रत्येकाने ते का फसले याची कारणे लिहावीत. ज्या सुनेला एरवी बोलण्याचे धैर्य होत नाही, तीही या वेळी लिहू शकते. कारण शंका काढणे हेच त्या वेळी कर्तव्य ठरते.

एकच गोष्ट अनेक बाजूंनी पाहण्याची ही शिकवण या मासिकाच्या वाचकांना परकी वाटणार नाही. भारतीय संख्याशास्त्राचे अध्वर्यू प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९५४ च्या आपल्या एका निबंधात संख्याशास्त्राच्या पायाची चर्चा करताना स्याद्वादाचा आधार घेतला होता. १९५७ मध्ये जे. बी. एस. हाल्डेन या शास्त्रज्ञानेही त्यावर लिहिले. ‘स्यात्’, म्हणजे एका अपेक्षेने असे आहे, असे म्हणणारा माणूस दुसऱ्या अपेक्षेनेही पाहायला बांधला जातो. नफ्याच्या बाजूने पाहिले तर काय दिसते आणि तोट्याच्या बाजूने पाहिले तर काय, हे दोन्ही तपासणे म्हणजे या विचाराचा रोजच्या व्यवहारातला वापर होय. येथे एक सावधगिरी मात्र हवी. अनेक बाजू पाहणे म्हणजे कोणतीच बाजू न घेणे, असा अर्थ कोणी काढू नये. सर्व बाजू पाहून झाल्यावर निर्णय घ्यायचाच असतो आणि तो आपलाच आहे असे म्हणायचे असते.

बापू गोखले फेब्रुवारी १८१८ मध्ये अष्टीच्या लढाईत धारातीर्थी पडले. बाजीराव महिनोन्महिने फिरत राहिले आणि ३ जून १८१८ रोजी जॉन माल्कम याच्या स्वाधीन झाले. पुणे तहाला त्या दिवशी वर्षही पूर्ण झाले नव्हते. जो तोटा सोसवत नव्हता तो भरून काढताना उरलेले सर्व गेले. वर्षाला आठ लाखांचे निवृत्तिवेतन घेऊन ते कानपूरजवळ ब्रह्मावर्तास राहिले आणि १८५१ मध्ये तेथेच निधन पावले. गंगेच्या काठी तीन दशकांहून अधिक काळ काढताना त्यांना खडकीची ती दुपार किती वेळा आठवली असेल, हे कोणी लिहून ठेवलेले नाही.

खडकीच्या माळावर आज वस्ती, कारखाने आणि रेल्वेचे रूळ आहेत. पर्वतीवर फिरायला जाणाऱ्यांना बाजीरावांनी जेथून लढाई पाहिली असे सांगतात ती जागा दाखवली जाते. तेथे उभे राहिल्यावर इतिहासातील एका माणसाला दोष देणे सोपे असते. त्याऐवजी आपल्या घरात सध्या कोणता निर्णय ‘तुझं तू बघ’ म्हणून लोंबकळत पडला आहे, हे आठवून पाहावे. असा एक तरी निर्णय बहुतेक घरांत असतो. या महिन्यात एका संध्याकाळी सर्वांनी मिळून त्यासाठी बसावे, हो किंवा नाही ते ठरवावे आणि खाली तारीख घालून लिहून ठेवावे.